आखीव ताव

अंगकाठी फुलस्केप. अंगभर उभ्याआडव्या रेघा, एका चौकटीत एकच अक्षर बसावे एवढ्या अंतराने आखलेल्या. माथ्यावर ठळक, ठसठशीत हाताने लिहिलेला महाभारतातला एक श्लोक, अक्षर न् अक्षर सुटे. त्याखाली एकेका पोथीला नेमून दिलेली एकेक ओळ. उजव्या अंगाला चार इंच रुंदीचा मोकळा रकाना, शेऱ्यांसाठी राखलेला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती घडत होती, तेव्हाचा हा ताव. एका श्लोकाला एक ताव असा हिशेब होता, म्हणजे त्याचा गोतावळा केवढा असेल याची कल्पना करता येईल.

संशोधन संस्थेविषयी लिहायचे झाले की लोक इमारतीविषयी लिहितात, देणगीदारांविषयी लिहितात, फार तर संपादकाविषयी. मला या तावाविषयी लिहायचे आहे. देणग्या, अनुदाने आणि आश्वासने यांवर चालणाऱ्या संस्थेत माणसाचा दिवस कसा जातो, त्याला कशाने उभारी येते आणि कशाने तो खचतो, हे या कागदाने जितक्या जवळून पाहिले तितके कोणी पाहिलेले नाही.

स्वभावाने तो मितभाषी. पोथीतला पाठ माथ्यावरच्या श्लोकाशी जुळला की त्याला काही म्हणायचे नसते. चौकट कोरी राहते. फरक असेल तिथेच तो तोंड उघडतो, तेही नेमके त्या अक्षराखाली. ‘च’च्या जागी ‘तु’ आला, ‘उवाच’च्या जागी ‘अब्रवीत्’ आले, एवढीच नोंद. बरोबर कोण, चूक कोण, हे तो सांगत नाही. काशीच्या नामांकित घराण्यातली सुवाच्य पोथी असो की कोण्या खेड्यातल्या लेखकाने घाईने उतरवलेली असो, दोघींना सारखीच एक ओळ. त्याचा हा समभाव मला फार मोठा वाटतो. माणसांच्या सभेत तो क्वचित दिसतो.

माथ्यावर बसण्याचा मानही त्याने कोणाला खऱ्याखोट्याच्या निवाड्याने दिलेला नाही. तिथे असे ती नीलकंठ चतुर्धराची संहिता. नीलकंठ सतराव्या शतकातले, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. काशीला राहून त्यांनी महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली, आणि त्यांनी स्वीकारलेली संहिता पुढे छापखान्यांतून देशभर गेली. सर्वांच्या हाताशी असलेली ती संहिता तुलनेसाठी वर घेतली, इतकेच. वर बसलेली ओळ पुष्कळदा खालच्यांनी खोडून काढली आहे.

खालच्यांत उत्तरेचे होते तसे दक्षिणेचेही होते. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतून महाभारत विखुरलेले होते. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते. म्हणून जिथे पोथ्या होत्या आणि त्या वाचणारे शास्त्री होते तिथे काम नेले. एक ठाणे शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत बसले, दुसरे तंजावरच्या सरस्वती महालात. असा हा पुणेरी शिस्तीचा ताव कावेरीकाठी राबला.

तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले की वाटेत पापनाशम लागते. तंजावरहून ते साधारण पंचवीस किलोमीटर, कुंभकोणमहून त्याहून जवळ. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला मुलूख. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधे नारळ, केळी आणि ताड. गावाला लागूनच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे देवालय आहे, आणि तिथे नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड गोल कोठार उभे आहे, वर निमुळते होत गेलेले. कलम या तिकडच्या मापाने तीन हजार कलम भात त्यात मावे असे सांगतात. दुष्काळाच्या, पुराच्या वर्षी देवळाच्या आश्रयाने गाव तगावे म्हणून बांधलेली ही वास्तू. तंजावरचा सरस्वती महाल मला या कोठाराचा सख्खा भाऊ वाटतो. नायकांच्या काळातच त्याची सुरुवात झाली, आणि मराठ्यांनी, विशेषतः सरफोजीराजे दुसरे यांनी, तो भरला. १८२०च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले ते येताना पोथ्या घेऊन आले. राजवाड्यातला हा संग्रह १९१८ साली लोकांसाठी खुला झाला. भांडारकर संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ची, म्हणजे जेमतेम वर्षभर आधीची. तंजावरच्या मराठ्यांनी बांधलेल्या सगळ्या गोष्टींत हा ग्रंथसंग्रह सर्वांत टिकाऊ ठरला, असे माझे मत आहे. तलवारीने मिळवलेले राज्य १८५५ साली खालसा झाले. पोथ्या जागेवर राहिल्या.

या मुलखात ताडपत्र हेच लिहिण्याचे साधन. पान उकळून, वाळवून, कातरून घ्यायचे, लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, त्यांत काजळी भरायची, भोकातून दोरा ओवायचा. तेल लावून ठेवले तर पिढ्यान् पिढ्या टिकते. दुर्लक्ष झाले तर ओल आणि कसर त्याची चाळण करतात. म्हणून नक्कल करत राहणे हाच पोथीचा वंशविस्तार. आणि नक्कल करणारा हात कधी चुकतो, कधी मुद्दाम सुधारतो, कधी भक्तीने चार श्लोक वाढवतो. ताव नेमका या हातांच्या मागावर होता.

दक्षिणेची पोथी बोलकी. उत्तरेत जो प्रसंग चार श्लोकांत आटोपतो, तो इथे बहरतो, त्याला संवाद फुटतात, स्तोत्रे लागतात. ग्रंथ लिपीतले ताडपत्र समोर ठेवून देवनागरीच्या चौकटी भरणाऱ्या शास्त्र्याला हे लगेच जाणवले असणार. चौकटी अपुऱ्या पडत. मग उजवा रकाना उपयोगी येई: श्लोकाच्या आधी किंवा नंतर पोथीत जे जास्तीचे सापडेल ते तिथे लिहायचे. तेही मावेनासे झाले तर वेगळ्या कागदावर उतरवून तावाला जोडायचे. त्या जोडकागदाला शोधपत्र म्हणत. दक्षिणेतल्या तावांना अशी शेपटे फार.

आता या शास्त्र्याच्या जागी स्वतःला बसवून पाहा. सकाळी तुम्ही ताडपत्र उलगडले. शंभर ओळींचा एक प्रसंग सापडला, तुमच्या लहानपणी आजीने सांगितलेला, तुमच्या देवळाच्या मंडपात पुराणिकाने रंगवलेला. तुम्ही तो एकही मात्रा न चुकवता शोधपत्रावर उतरवला. त्याला दोन दिवस लागले. तुमच्यानंतर दुसऱ्या फळीच्या वाचकांनी तो पुन्हा पोथीशी ताडून पाहिला, कारण पाठ उतरवणारा एक आणि तपासणारा वेगळा असा तिथला नियमच होता. आणि मग संपादकाने ठरवले की हा प्रसंग मूळ संहितेचा नाही. शंभरच्या शंभर ओळी छापील रेघेखाली गेल्या, नाही तर परिशिष्टात.

अशा संस्थेतल्या कामाचा सारा कस इथे लागतो. ‘नाही’ हे उत्तर मिळवायलाही ‘आहे’इतकेच कष्ट पडतात. तो प्रसंग कुठल्या पोथ्यांत आहे, कुठल्यांत नाही, कुठे अर्धा आहे, कुठे समासात मागाहून घातला आहे, हे शंभर ओळी लिहून काढल्याशिवाय कळत नाही. बाजारात असे काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. इथे त्याला पुढचा ताव देतात. मी ज्यांना ज्यांना संशोधन संस्थेत रमलेले पाहिले, ते सगळे ही गोष्ट मनाने मान्य केलेले लोक होते. ज्यांना ती मान्य करता आली नाही त्यांची घुसमटही मी पाहिली आहे. वर्षभर खपून हाती आलेला निष्कर्ष ‘यात काही सापडले नाही’ असा असतो, आणि अहवालात तो लिहिण्याची सोय नसते. अनुदान देणाऱ्याला ‘सापडले’ ऐकायचे असते.

रेघेखाली काय काय गेले त्याची यादी वाचली की आजही माणसे अस्वस्थ होतात. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही आपल्या घराघरातली गोष्ट आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे तोडून टाकणारे वाक्य थोड्याच पोथ्यांत सापडले, तेही खाली गेले. सभापर्वाचे संपादन येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, ते १९४४ साली आले. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मूळ संहितेत उरला नाही. किती पिढ्यांनी तो धावा ऐकून डोळे पुसले असतील! पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यातले काही फेकून दिलेले नाही. प्रत्येक जास्तीच्या ओळीला तारा लावून, क्रमांक देऊन, ती कोणत्या पोथ्यांत आहे याच्या नोंदीसह छापले आहे. मला तर कधी कधी वाटते, या देशाचे भक्तिजीवन वाचायचे असेल तर त्या आवृत्तीच्या वरच्या भागापेक्षा तळटीपा वाचाव्यात. तिथे कोण्या प्रांताने कशासाठी महाभारत वाढवले ते दिसते. ही सोय तावाच्या उजव्या रकान्याने केली.

वरच्या संहितेतही जिथे पाठ पक्का वाटला नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. अर्थ असा: इथे आम्ही निवड केली आहे, पण खात्री नाही. छापील ग्रंथाने आपली शंका अशी उघड दाखवावी, पानोपानी दाखवावी, याचे मला अपार कौतुक आहे. देणगी मागायला निघालेल्या संस्थेला शंका लपवण्याचा मोह होतो. या संस्थेने ती छापली.

पापनाशमपासून हाकेच्या अंतरावर उत्तमदानपुरम नावाचे छोटे गाव आहे. तंजावरच्या एका राजाने एकादशीला विडा न खाण्याचा नेम चुकून मोडला आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून हे अग्रहार ब्राह्मणांना दान दिले, अशी तिथली कथा. ती आपल्याला कळते ती याच गावच्या, १९ फेब्रुवारी १८५५ रोजी जन्मलेल्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या आत्मचरित्रामुळे. तमिळ लोक त्यांना ‘तमिळ तात्ता’, म्हणजे तमिळचे आजोबा म्हणतात. पुण्याचा ताव जे काम शंभर हातांनी करत होता, तेच हा माणूस त्याच्या कितीतरी आधी जवळजवळ एकट्याने करत होता.

१८८० साली ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवू लागले. त्याच वर्षी तिथे बदलून आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियार या मुनसफांची गाठ पडली. तुम्ही काय काय वाचले आहे, असे मुदलियारांनी विचारले. अय्यरांनी गुरूंजवळ शिकलेल्या ग्रंथांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काही परिणाम झाला नाही. ‘जीवक चिंतामणि’ वाचले आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. अय्यरांनी ते पाहिलेदेखील नव्हते. तमिळच्या पाच महाकाव्यांतले हे एक, जैन कवीचे, आणि तमिळच्या पंडिताला ते ठाऊक नव्हते. पुढली सात वर्षे त्यात गेली. गावोगावची ताडपत्रे मिळवली, जैन धर्मातल्या कल्पना कळेनात म्हणून कुंभकोणमच्या जैन घरांत जाऊन बसले, समजून घेतल्या. ताडपत्रात तमिळ लिहिताना व्यंजनावरचा ठिपका देत नसत, एकारओकाराचे ऱ्हस्वदीर्घ ओळखू येत नसत. त्यामुळे एकाच ओळीचे अनेक अर्थ संभवत. कागद, छपाई यांचा खर्च आगाऊ वर्गणीदार मिळवून भागवला. १८८७ साली पुस्तक निघाले. मग ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९, ‘शिलप्पदिकारम’ १८९२, ‘पुरनानूरु’ १८९४, ‘मणिमेखलै’ १८९८. संगमकाळाचे तमिळ आज जे वाचले जाते त्याच्या मुळाशी या फेऱ्या आहेत. काही ठिकाणी ते पोहोचले तेव्हा उशीर झालेला असे. जीर्ण पोथ्या होमात नाही तर नदीच्या पुरात सोडून दिल्या, असे घरातली माणसे श्रद्धेने सांगत.

पोटाला कॉलेजची नोकरी, आणि हे काम रात्री, सुट्टीत, उसनवारीवर. संस्था पाठीशी नसण्याचे काही सुख असते: कोणाला तिमाही अहवाल द्यावा लागत नाही, समितीपुढे उभे राहावे लागत नाही. पण डोळे थकले की काम थांबते, आणि आपल्यामागे कपाटांचे काय होईल हा घोर झोप लागू देत नाही. २८ एप्रिल १९४२ रोजी ते गेले. दुसऱ्या वर्षी मद्रासला त्यांच्या नावाचे ग्रंथालय सुरू झाले. त्यांची ताडपत्रे, पुस्तके, कागद तिथे गेले. ते ग्रंथालय आजही एक संशोधन संस्था म्हणून चालते. माणसाचे काम संपल्यावर संस्था आली. पुण्यात उलटे झाले होते. आधी संस्था होती, आणि माणसे तिच्यात येऊन संपत गेली.

पुण्यातला आरंभ थाटाचा होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे वचन दिले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाला सचित्र महाभारत हवे होते. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते पहिला श्लोक लिहून मुहूर्त झाला. मग उताराला लागलेली वर्षे आली. पोथ्या जमवायला वेळ लागला, तावांचे ढीग वाढत गेले, पण छापून काय आले असे विचारले की दाखवायला १९२३ साली ना. बा. उटगीकरांनी काढलेला विराटपर्वाचा प्रायोगिक खंड होता. तो देशोदेशीच्या पंडितांना अभिप्रायासाठी पाठवला. अभिप्राय आले, आणि पद्धत पुन्हा तपासावी लागली. दहा वर्षांत काहीच निघत नाही, पैसा जातो कुठे, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेच्या दारात उभा असतो. त्याला उत्तर म्हणून तावांचा ढीग दाखवता येत नाही. तो पाहणाऱ्याला रद्दीसारखा दिसतो.

१९२५च्या ऑगस्टमध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला संस्कृतात डॉक्टरेट. गणिती माणसाला ताव आवडला असणार. आडव्या ओळीत एक पोथी, उभ्या स्तंभात एक अक्षर. स्तंभ खाली वाचत गेले की पोथ्यांची नाती दिसू लागतात. कोणत्या दोन पोथ्या एकच चूक करतात? एकच चूक करणाऱ्यांचा बाप एक. काश्मीरची शारदा पोथी आणि मल्याळम पोथी, दोन टोकांच्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या, त्या जिथे एक बोलतात तिथे पाठ फार जुना. सगळ्या पद्धतीचा कणा हा. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग निघाला, १९३३ साली पर्व पुरे झाले. त्यासाठी साठ पोथ्यांचे पाठ तावांवर उतरले होते.

पुढे एक दिवस असा आला की ज्यासाठी माणूस आयुष्यभर अल्प वेतनावर काम करतो. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळहून राजगुरू हेमराज पंडितांकडून एका फार जुन्या पोथीचे पाठ मिळाले. संपादनाच्या वेळी ती कोणी पाहिलेली नव्हती. सुकथनकरांनी तावांवरून अनुमानाने निवडलेले कितीतरी पाठ त्या पोथीत जसेच्या तसे निघाले. ज्यांनी वर्षानुवर्षे च, तु, वै, हि यांच्या नोंदी केल्या होत्या, त्यांच्या नोंदींनी एका न पाहिलेल्या पोथीतले शब्द आधीच ओळखले होते. यापेक्षा मोठे बक्षीस या धंद्यात नाही, आणि ते पैशांत मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

पैशाची ओढाताण मात्र सुटली नाही. संस्थानिक, प्रांतिक सरकारे, मुंबई विद्यापीठ, लंडनची ब्रिटिश अकादमी अशा अनेक दारांशी जावे लागले. हैदराबादच्या निजामांनी वार्षिक मदत दिली आणि अतिथिगृह बांधायला रक्कम दिली. निजाम अतिथिगृह आजही आवारात आहे. प्रत्येक मदतीला मुदत असे, आणि मुदतीबरोबर कोणाची तरी नोकरी बांधलेली असे. प्रकल्प आहे तोवर जागा आहे, हे वाक्य अशा संस्थेत काम केलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. मुलाची फी, घराचे भाडे यांना प्रकल्पाची मुदत समजत नाही.

तरीही काही माणसांनी त्या तुटपुंज्या जागेतून स्वतःचा मुलूख उभा केला. परशुराम कृष्ण गोडे १९१९पासून १९६१ साली मृत्यू येईपर्यंत संस्थेच्या हस्तलिखितांचे क्युरेटर होते. पोथ्या द्यायच्या, परत घ्यायच्या, नोंदी ठेवायच्या. हे करता करता त्यांनी चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. ग्रंथांच्या कालनिर्णयापासून शोभेच्या दारूपर्यंत आणि स्त्रियांच्या नथीपर्यंत. काउंटरमागे बसलेला माणूस काय करू शकतो, याचा मराठीत तरी याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

सुकथनकर १९४२ साली मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्याने द्यायला उभे राहिले. आयुष्यभर अक्षरे मोजलेला माणूस आता त्या अक्षरांचा अर्थ सांगणार होता. शेवटचे व्याख्यान होण्याआधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते गेले. वय पंचावन्न. स्वामिनाथ अय्यरांना जाऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. संपादक बदलले, राज्य बदलले, औंध संस्थान विलीन झाले. तावाची आखणी तीच राहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पुण्यात आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सत्तेचाळीस वर्षे, १,२५९ हस्तलिखिते, सुमारे ८९,००० श्लोक, तेरा हजारांहून अधिक छापील पाने.

मुखपृष्ठावर ताव उतरवणाऱ्यांची नावे येत नाहीत. संपादकांनी प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले आहेत, मनापासून मानले आहेत. पण प्रस्तावना किती जण वाचतात? मला ही खंत वाटते, आणि ती लपवावीशी वाटत नाही. ग्रंथाच्या प्रत्येक अक्षराला ज्यांनी दोनदा हात लावला, ते या देशात अनामच राहिले.

५ जानेवारी २००४ रोजी जमाव या संस्थेत घुसला. कपाटे पाडली, पुस्तके, पोथ्या, चित्रे यांची नासधूस केली. कारण होते शिवाजी महाराजांवरचे एका परदेशी लेखकाचे पुस्तक. त्यानंतरच्या दिवसांत पुण्यातली साधी माणसे, विद्यार्थी, निवृत्त लोक येऊन पाने गोळा करू लागले, पुसू लागले, लावू लागले. संस्थेतल्या माणसांनी त्याच जागी पुन्हा टेबले मांडली. संशोधनाच्या नोकरीतला खाली जाण्याचा क्षण म्हणतात तो पगार थकण्याचा असतो, असे मी समजत होतो. त्या दिवशी कळले की त्याखालीही एक पायरी असते.

काम थांबले नाही. हरिवंश १९७१पर्यंत निघाला, श्लोकचरणांची सूची निघाली. मधुकर अनंत मेहेंदळे यांनी डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाल्यावर महाभारताची सांस्कृतिक सूची हाती घेतली. १९९०च्या दशकात तिचे भाग छापून येऊ लागले. शस्त्रे, नद्या, पर्वत, माणसे, सर्प, एकेकाची संदर्भासह नोंद. मेहेंदळे २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून गेले. सूची अजून व्हायची आहे.

तंजावरातही व्हायचे बरेच आहे. सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल वेगळे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ साली मोडी कागदपत्रांच्या तमिळ अनुवादाचे तीन खंड काढले, हे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत. पण मूळ मराठीत ते कागद वाचून, तावासारखी नेमकी मांडणी करून छापण्याचे काम आपले आहे. पुण्यामुंबईत मोडीचे वर्ग भरतात, मुले-मुली शिकून बाहेर पडतात, आणि मग काय वाचायचे हे त्यांना कळत नाही. त्यांतल्या दोघाचौघांनी तिकडे जावे, असे मला फार वाटते. विद्यावेतन बेताचे असेल, मुदत वर्षादोनवर्षांची असेल, नाव प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात येईल. तमिळ थोडे शिकावे लागेल. राहायला तंजावर सोयीचे, नाही तर कुंभकोणम. सुटीच्या दिवशी मधल्या पापनाशमला उतरून ते कोठार आणि जवळचे उत्तमदानपुरम पाहून येता येते, रेल्वेनेही आणि बसनेही.